घाट, ब्रेक आणि वीज

विजेवर चालणारे मालट्रक आता रस्त्यावर दिसू लागले आहेत. त्यांच्याविषयी बोलणे निघाले की किंमत किती, बॅटरी किती वर्षे टिकते आणि एकदा चार्ज केल्यावर किती किलोमीटर जातो, हे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. चौथा प्रश्न मात्र गॅरेजमध्येच निघतो : याचे ब्रेक किती दिवसांनी करावे लागतात? लायनिंग, ड्रम, मजुरी आणि ट्रक उभा राहिला म्हणून बुडालेले भाडे, हा ट्रकमालकाचा नेहमीचा खर्च. विजेच्या ट्रकात तो बराच कमी होतो असे सांगितले जाते. हे खरे आहे का, आणि असल्यास का, याचे उत्तर शोधताना आपण सव्वाशे वर्षे मागे जातो. वाटेत ट्रामगाड्या भेटतात, अमेरिकेतील डोंगराळ लोहमार्ग भेटतात आणि आपला बोरघाटही भेटतो. वर्गात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवताना उपयोगी पडेल अशी ही गोष्ट आहे.

मोच्याने केलेली दुरुस्ती

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाईंनी पतीने तयार केलेली तीनचाकी मोटारगाडी त्याला न सांगता बाहेर काढली. दोन किशोरवयीन मुलांना बरोबर घेऊन त्या जर्मनीतील मानहाइमहून फोर्झाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर दूर माहेरी गेल्या. मोटारीचा हा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास मानला जातो. वाटेत चढावर गाडी ढकलावी लागली आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले. बर्थाबाईंनी एका गावातील मोच्याला गाठून ब्रेकच्या लाकडावर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या इतिहासातील हे पहिले ब्रेक लायनिंग.

या घटनेनंतर नऊ वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने ब्रेकचे अस्तर तयार करण्याचा धंदा सुरू केला. तेथील गाडीवान डोंगर उतरताना घोडागाडीच्या लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचे तुकडे ठोकतात हे त्याने पाहिले होते. चामड्यापेक्षा जास्त टिकणारा आणि जास्त उष्णता सोसणारा पदार्थ शोधणे हे त्याचे उद्दिष्ट होते. प्रथम त्याने कापसाचे विणलेले अस्तर वापरले, पण ते उष्णतेने करपत असे. पुढे त्याची जागा ॲसबेस्टॉसने घेतली. 'फेरोडो' हे नाव आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांनाही माहीत असते, ते या फ्रूडचेच.

ॲसबेस्टॉस जळत नाही, स्वस्त असतो आणि राळेबरोबर चांगला मिसळतो. म्हणून विसाव्या शतकाचा बराचसा काळ जगभरचे ब्रेक त्याचेच होते. परंतु ब्रेक झिजतो म्हणजे त्याची पूड होते आणि ती कोठेतरी जातेच. ड्रम उघडून हवेच्या झोताने तो साफ करणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसात ती जात होती. ॲसबेस्टॉसमुळे फुप्फुसाचे असाध्य रोग होतात हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्याच्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने ती २००५ पासून पूर्णपणे लागू केली. तेव्हा ब्रेकच्या झिजेची किंमत केवळ बिलावरच्या आकड्यात मोजता येत नाही, हे आधीच लक्षात ठेवलेले बरे.

झीज किती होते?

दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले असता किती पदार्थ झिजून जातो? या प्रश्नाचे एक सोपे आणि उपयुक्त उत्तर इंग्रज शास्त्रज्ञ जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडले. झिजलेल्या पदार्थाचे घनफळ हे दाबणारे बल आणि घासले गेलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, आणि पृष्ठभाग जितका कठीण तितके ते कमी असते, असा हा नियम आहे.

आता दुसरीकडून पाहू. घर्षणाचे बल हे दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते, हे आपण शाळेत शिकवतो. घर्षणबल गुणिले अंतर म्हणजे घर्षणाविरुद्ध केलेले कार्य. म्हणजे आर्चर्डच्या नियमाचा साध्या भाषेत अर्थ असा होतो की ब्रेकने जितकी ऊर्जा गिळली, तितक्या प्रमाणात तो झिजला. गाडीची गतिज किंवा स्थितिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते आणि त्या प्रत्येक ज्यूलमागे लायनिंगचा एक अतिसूक्ष्म थर खर्ची पडतो.

हा नियम साधारण तापमानापुरता खरा आहे. लायनिंग फार तापले तर त्यातील राळ सुटू लागते, घर्षण कमी होते आणि झीज मात्र एकदम वाढते. चालक म्हणतात, 'ब्रेक लागेनासे झाले'. पायाखालचा पेडल तोच असतो, हवेचा दाबही असतो, पण घासणारा पृष्ठभागच पूर्वीचा राहिलेला नसतो.

घाटाचा हिशेब

लोणावळ्याहून खोपोलीला उतरणारा, मालासह ४० टन वजनाचा ट्रक घ्या. उंचीतील फरक सुमारे ५५० मीटर धरू. स्थितिज ऊर्जेचे सूत्र वापरले तर

४०,००० × ९.८ × ५५० = सुमारे २१.५ कोटी ज्यूल.

विजेच्या बिलाच्या भाषेत हे जवळजवळ ६० युनिट होतात. एवढ्या उष्णतेने साध्या तापमानाचे सुमारे ६८० लिटर पाणी उकळीला येईल. ट्रकला घाट उतरायला २० मिनिटे लागली असे धरले, तर ही ऊर्जा सरासरी १८० किलोवॅट दराने बाहेर टाकावी लागते. एक किलोवॅटच्या १८० शेगड्या एकदम पेटवल्यासारखेच हे झाले.

हाच ट्रक सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता एकदा पूर्ण थांबवला, तर ब्रेकला सुमारे ५५ लाख ज्यूल गिळावे लागतात. भागाकार करून पाहा. एक घाट उतरणे म्हणजे ६० च्या वेगावरून सुमारे ४० वेळा थांबणे आणि मध्ये ब्रेकला थंड होण्यास सवड न देणे! यातला काही भाग टायरचे घर्षण व हवेचा विरोध घेतात आणि चालकाने गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर मोठा भाग इंजिन घेते. परंतु डिझेल वाचवण्याच्या हेतूने कोणी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, तर इंजिनाचा वाटाही ब्रेकवरच येऊन पडतो. घाटात 'ब्रेक फेल' होऊन झालेल्या अनेक अपघातांमागे हे साधे गणित असते.

मोटर आणि जनित्र

ही ६० युनिट उष्णता करून वाऱ्यावर सोडण्याऐवजी परत मिळवता येईल का? याच बोरघाटात १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी नळांतून खाली आणायचे आणि पायथ्याशी त्याच्यावर वीज तयार करायची, असे ते केंद्र आहे. ४० टन पाणी खाली आल्यावर वीज देते, तर ४० टनांचा ट्रक खाली येताना का देणार नाही? निसर्गाचा नियम पाण्याला आणि ट्रकला एकच आहे. फक्त ट्रकच्या चाकाला जनित्र जोडलेले असले पाहिजे.

आणि विजेच्या गाडीत ते जोडलेलेच असते, कारण मोटर आणि जनित्र ही मुळात एकच यंत्रे आहेत. वर्गात हे दाखवायला पाच मिनिटे पुरतात. खेळण्यातील एखादी लहान मोटर घ्या. तिचा दांडा बोटांनी फिरवा. तो सहज फिरतो. आता मोटरच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा आणि पुन्हा फिरवा. दांडा जड झालेला बोटांना जाणवतो. तारा जोडल्यामुळे मंडल पूर्ण झाले, मोटरने तयार केलेला प्रवाह वाहू लागला आणि त्या प्रवाहाने फिरण्याला विरोध केला. हाच विजेचा ब्रेक. यात काहीही घासले जात नाही, म्हणून झिजतही नाही. तारा जोडण्याऐवजी मध्ये बॅटरी घातली, तर तोच प्रवाह साठवता येतो.

अमेरिकन अभियंता फ्रँक स्प्रेग याने १८८६ च्या सुमारास अशा मोटरी बनवल्या होत्या. उतारावर किंवा थांबताना त्या वीज तारेत परत पाठवत. १८९० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये लुई क्रीगर याने बॅटरीवर चालणाऱ्या बग्गीवजा मोटारींत हीच युक्ती वापरली. म्हणजे विजेच्या रस्त्यावरील वाहनात ऊर्जा परत मिळवणारा ब्रेक हा जवळजवळ त्या वाहनाइतकाच जुना आहे. याला आपण पुनर्जनन ब्रेक म्हणू.

ट्रामचा धडा

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील काही ट्राम कंपन्यांनी रॅवर्थ या अभियंत्याची पुनर्जनन पद्धत स्वीकारली. वीजही वाचत होती आणि ब्रेकचे ठोकळेही. परंतु ११ नोव्हेंबर १९११ रोजी रॉटनस्टॉल या गावी अशा ट्रामला गंभीर अपघात झाला आणि त्यानंतर या पद्धतीवर बंदी आली. सुमारे वीस वर्षे ती उठली नाही.

या पद्धतीतील कच्चा दुवा समजून घेण्याजोगा आहे. मोटरने तयार केलेली वीज घ्यायला पलीकडे कोणीतरी असावे लागते. तारेवर दुसरी ट्राम चढ चढत असेल, तर ती वीज घेईल. कोणी घेणारे नसेल किंवा ट्रामचा दांडा तारेवरून सुटला, तर मंडल तुटते, प्रवाह थांबतो आणि त्याच क्षणी विजेचा ब्रेकही नाहीसा होतो. आपल्या प्रयोगात जोडलेल्या तारा सोडल्या की दांडा पुन्हा सैल होतो, तसेच. म्हणून घासणारा ब्रेक काढून टाकता येत नाही. तो नेहमी वापरावा लागत नाही, पण लागेल त्या क्षणी शंभर टक्के तयार असावा लागतो. विजेच्या ट्रकच्या दुरुस्तीखर्चाचा विचार करताना ही गोष्ट पुन्हा समोर येणार आहे.

घाटातील आगगाड्या

ट्रामपेक्षा आगगाडीचे वजन कितीतरी जास्त, आणि घाट लांब. तेथे पुनर्जनन ब्रेकची खरी गरज होती. इटलीत जेनोआजवळच्या जोवी घाटात १९१० पासून त्रिकला विजेवरची इंजिने धावू लागली. त्यांतील प्रवर्तन मोटरींचा गुण असा की उतारावर गाडीने मोटरला तिच्या ठरलेल्या गतीपेक्षा जरा जास्त फिरवले की ती आपोआप जनित्र होते. अमेरिकेत मिलवॉकी रोड या कंपनीने रॉकी पर्वतातील आपल्या मार्गाचे १९१५-१६ मध्ये विद्युतीकरण केले. तेथे ३,००० व्होल्टची एकदिश वीज होती आणि उपकेंद्रांतील यंत्रसंच उलट दिशेनेही काम करू शकत. त्यामुळे उतरणाऱ्या गाडीची वीज तारेतून थेट वीजकंपनीच्या जाळ्यापर्यंत जाऊ शके. विजेच्या बचतीइतकाच मोठा लाभ होता तो ब्रेकच्या ठोकळ्यांचा आणि चाकांचा. लांब उतारावर शेकडो चाकांवर लोखंडी ठोकळे सतत दाबून ठेवावे लागत, तेव्हा ठोकळे झिजत आणि चाके तापत. आता बराचसा भार एकटे इंजिन घेऊ लागले.

आपल्याकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये सुरू केला होता. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. वाटेत गाडीची दिशा उलटी करण्याचे एक स्थानक होते. उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटला तर ती वळवून घेण्यासाठी डोंगराकडे चढत जाणारे आडमार्ग ठेवलेले होते. त्यांना 'कॅच साइडिंग' म्हणतात. तेथे गाडी थांबून चालकाने 'ब्रेक माझ्या ताब्यात आहेत' याची खूण दिल्याखेरीज मुख्य मार्गाचा सांधा जोडला जात नसे. गाडीचा वेग ही घाटात किती गंभीर बाब मानली जाई, हे यावरून कळेल.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी धावली. १९२९ मध्ये वीज पुण्यापर्यंत आणि १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत पोहोचली. बोरघाटातील दिशा बदलण्याचे स्थानकही १९२९ मध्ये बंद झाले आणि गाड्या नव्या मार्गाने सरळ जाऊ लागल्या. या घाटांसाठी स्वित्झर्लंडमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालगाडीची ४१ इंजिने बांधली गेली. आल्प्स पर्वतातील इंजिनांच्या धर्तीवर त्यांना पुढे-मागे लांब नाके होती. जोडदांड्यांच्या हालचालीमुळे आणि विचित्र आवाजामुळे रेल्वेच्या लोकांनी त्यांना नाव दिले 'खेकडा'. या खेकड्यांत पुनर्जनन ब्रेक होता. उतरणारी मालगाडी १,५०० व्होल्टच्या तारेत वीज सोडी आणि तीच वीज चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडे. एकाच डोंगरावरून नळांतून पाणी आणि रुळांवरून गाडी खाली येत होती, आणि दोन्ही वीज देत होती!

खेकड्यांपैकी एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळते. मध्य रेल्वेवरील १,५०० व्होल्टची पद्धतही २०१६ पर्यंत पूर्णपणे जाऊन तिच्या जागी २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. पण तत्त्व गेले नाही. १९९५-९६ पासून भारतीय रेल्वेत आलेल्या त्रिकला मोटरींच्या इंजिनांत पुनर्जनन ब्रेक असतो.

ट्रकला एवढा वेळ का लागला?

शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्क, शिकागो या शहरांत विजेचे ट्रक मोठ्या संख्येने होते. दुकानांचा माल, बर्फ, बिअरची पिंपे ते घरोघर पोहोचवत. शिकागोच्या वॉकर कंपनीने १९४० नंतरही असे ट्रक बनवले. मग त्यांच्यात पुनर्जनन ब्रेक सर्रास का नव्हता?

याची कारणे तीन. पहिले, त्या वेळच्या मोटरी एकसर पद्धतीच्या होत्या. त्यांच्या चुंबकाच्या वेटोळ्यातून तोच प्रवाह जातो जो मोटरमधून जातो. अशी मोटर ओझे ओढायला उत्तम, पण जनित्र म्हणून तिचे वागणे बेभरवशाचे, आणि तिला ताब्यात ठेवायला वेगळी साधने लागत. दुसरे, शिसे-आम्लाची बॅटरी थोड्या वेळात भरपूर वीज घेऊ शकत नाही. तिसरे, ते ट्रक शहरात सावकाश चालत, म्हणून वाचवण्याजोगी ऊर्जाच थोडी होती. रेल्वेपुढे यांतील बॅटरीचा प्रश्न नव्हता, कारण तिची वीज तारेत जात होती.

मधल्या काळात खाणींमध्ये अर्धा उपाय सापडला. मोठ्या डंपरमध्ये डिझेल इंजिनाने जनित्र चालवायचे आणि त्या विजेवर चाकांतील मोटरी फिरवायच्या, अशी रचना आली. १९६३ मध्ये अमेरिकेत युनिट रिग कंपनीचा 'लेक्ट्रा हॉल एम-८५' हा अशा ट्रकांपैकी पहिला यशस्वी ट्रक ठरला. उतारावर त्याच्या मोटरी जनित्रे होतात, पण ती वीज ठेवायला जागा नसते. म्हणून ती जाड रोधकांच्या जाळ्यात सोडून तापवली जाते आणि पंख्याने ती उष्णता बाहेर फेकली जाते. येथे ब्रेक वाचला, पण ऊर्जा गेली. तरीही खाणमालकांना ही रचना परवडली, यावरून शंभर टनी ट्रकचे ब्रेक किती महाग पडत असतील याची कल्पना यावी.

१९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत ती ट्रकला पुरेल एवढी मोठी व स्वस्त झाली. ती झटपट वीज घेऊ शकते. तेव्हा दुसरा अर्धा उपायही मिळाला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण स्वित्झर्लंडमध्ये आहे. बील शहराजवळच्या पेरी गावी सिमेंटच्या कारखान्यासाठी डोंगरावरून चुनखडक आणतात. तेथे कोमात्सु कंपनीचा एक डिझेल डंपर विजेवर चालेल असा बदलून घेण्यात आला. त्याची एकटी बॅटरीच साडेचार टनांची आहे. प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार रिकामा डंपर सुमारे ४५ टनांचा, आणि माल ६५ टन. तो शेकडा १३ चढाने रिकामा वर जातो आणि भरून खाली येतो.

हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. वर जाताना ४५ टन उचलायचे, खाली येताना ११० टन उतरायचे. टायरचे घर्षण वगैरे सर्व तोटे धरून, समजा, प्रत्येक खेपेत ऊर्जेचा फक्त ७० टक्के भाग कामी येतो. वर जायला लागणारी वीज ४५ भागिले ०.७, म्हणजे ६४ मापे. खाली येताना मिळणारी ११० गुणिले ०.७, म्हणजे ७७ मापे. मिळकत खर्चापेक्षा जास्त! ट्रक चार्जरला न लावता दिवसभर चालू शकतो, इतकेच नव्हे तर वीज शिल्लक टाकतो. यात चमत्कार काही नाही. ऊर्जा फुकट निर्माण झालेली नाही, ती डोंगरावरच्या खडकात होतीच. पाण्याऐवजी चुनखडक वापरणारे हे एक जलविद्युत केंद्रच म्हणा ना! आणि खडक खालून वर आणायचा असेल, जसे उघड्या कोळसाखाणीत असते, तर हिशेब नेमका उलटा होईल, हेही विद्यार्थ्यांनी सांगितले पाहिजे.

दुरुस्तीच्या बिलात काय बदलते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आर्चर्डच्या नियमाने झीज ही ब्रेकने गिळलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात. मोटरींनी तीन चतुर्थांश ऊर्जा उचलली, तर लायनिंगवर एक चतुर्थांशच येते, म्हणजे ते सुमारे चौपट टिकावे. शिवाय ब्रेक थंड राहतात, त्यामुळे तापल्यावर होणारी जादा झीजही टळते. किलोमीटरमागचा ब्रेकचा खर्च म्हणजे सामान, मजुरी आणि बुडालेले भाडे यांची बेरीज भागिले दोन दुरुस्त्यांमधले अंतर. भाजक वाढला की खर्च उतरतो. शहरात थांबत-थांबत जाणारा आणि घाटात चालणारा ट्रक यांना हा लाभ सर्वांत जास्त. सपाट महामार्गावर एका गतीने जाणाऱ्या ट्रकचे ब्रेक मुळातच कमी लागतात, म्हणून त्याला लाभही कमी.

परंतु खर्च शून्य होत नाही. न वापरलेला ब्रेक गंजतो. डिस्क स्वच्छ राहते ती पॅड तिच्यावर घासत असतात म्हणून. घासणे थांबले की पावसाळ्यात तिच्यावर गंज धरतो आणि सरकणारे भाग अडकून बसतात. या कारणानेच काही मोटारकंपन्यांनी विजेच्या गाड्यांत मागच्या चाकांना पुन्हा जुन्या पद्धतीचे बंद ड्रम ब्रेक बसवले. शिवाय मोटर ज्या चाकांना जोडलेली, तेवढ्याच चाकांना पुनर्जननाचा लाभ. मागे जोडलेल्या ट्रेलरचे ब्रेक पूर्वीसारखेच घासतात. बॅटरीच्या वजनामुळे आणि मोटरच्या जोरामुळे टायर लवकर झिजू शकतात. म्हणजे गॅरेजमध्ये 'लायनिंग बदला' याऐवजी 'उघडा, तपासा, साफ करा, वंगण द्या' असे काम येते. ते स्वस्त आहे, पण टाळून चालणार नाही. रॉटनस्टॉलचा धडा अजून जुना झालेला नाही.

आणखी एक बाब चालकाला ठाऊक हवी. पूर्ण भरलेली बॅटरी आणखी वीज घेऊ शकत नाही. लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून घाट उतरायला घेतला, तर नेमका जेथे पुनर्जनन ब्रेक हवा तेथेच तो दुबळा पडतो. काही ट्रकांत यासाठी खाणीतल्या डंपरसारखे रोधक बसवतात. साधा उपाय म्हणजे घाटमाथ्यावर बॅटरीत जागा ठेवणे. तारेवर घेणारे कोणी नसले की ट्रामचा ब्रेक जाई. येथे बॅटरी भरली की जातो. प्रश्न तोच आहे.

धुळीचाही विचार आता कायद्यात आला आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत प्रथमच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर मर्यादा घातली गेली. मोटारींपैकी बहुतेकांना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅमची, तर पूर्ण विजेच्या मोटारींना ३ मिलिग्रॅमची. विजेची गाडी ब्रेक कमी झिजवते हे येथे गृहीतच धरलेले आहे.

या सर्व इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट मात्र यंत्राची नाही, माणसाच्या वागण्याची आहे. डिझेल ट्रकचा चालक घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो, कारण त्याला वाटते की त्यामुळे इंधन वाचते. वास्तविक आजकालची इंजिने उतारावर गिअरमध्ये असताना इंधन घेणे जवळजवळ बंदच करतात, म्हणजे ती बचत नुसता समज आहे. पण समज असो की सत्य, चार पैसे वाचवण्याची ओढ एका दिशेला आणि सुरक्षितता दुसऱ्या दिशेला, अशी ही ओढाताण होती. विजेच्या ट्रकात या दोन्ही एकाच दिशेला येतात. मोटरीच्या ब्रेकवर सावकाश उतरणाऱ्याला, ६० पैकी निम्मी जरी ऊर्जा परत मिळाली, तरी ३० युनिट मिळतात. किलोमीटरला सव्वा युनिट धरले तर ती २४ किलोमीटरची मजल झाली. जो घाईने उतरून ब्रेक दाबत राहतो, तो लायनिंगही घालवतो आणि ही वीजही.

चालकाला हे सांगायला उपदेशाची गरज नाही. समोरच्या काट्यावर त्याला ते दिसतेच. घाट उतरून खोपोलीला पोहोचल्यावर बॅटरी माथ्यावर होती त्यापेक्षा जास्त भरलेली असते आणि ड्रम हात लावण्याइतका थंड असतो.